बेटावरचा वाढपी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर मी सोपान नानांचं नाव घेतो. आई-वडिलांचं त्यानंतर. याबद्दल आई-वडिलांची काही तक्रार नाही. उलट नानांचं नाव आधी घेतलं नाही तर आईच रागावते. नाना तिचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामा. पण नगरशेजारचं अख्खं भिंगार त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही नानाच म्हणतो.

तर या नानांबरोबर हॉटेलात जाऊ नये.

माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना भिंगारच्या बाजारातल्या एका साध्या हॉटेलात नेलं. आमच्यापुढं इडली आली. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं आणि त्यातल्या आजोबांची सांबाराची वाटी रिकामी होती. मी पहिला घास घेतोय तोवर नाना उठले. वेटरच्या हातातली बादली त्यांच्या हातात कधी आली ते वेटरलाही कळलं नाही.

"सांबार! सांबार! घ्या आजोबा."

आजोबांनी वाटीवर आडवा हात धरला. नानांनी तो हात लेकराचा धरावा तसा हळूच बाजूला केला आणि वाटी भरली.

"लाजू नका, घ्या!"

मग ते थांबलेच नाहीत. एका भिंतीपासून सुरुवात करून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्यांनी अख्खं हॉटेल ओळीनं वाढून काढलं. गल्ल्यावरचा मालक आधी चिडला, मग कौतुकानं बघत बसला आणि शेवटी म्हणाला, "नाना, रविवारी सकाळी येत जाता का? गर्दी आवरत नाही." नानांना तो मोठा सन्मान वाटला. स्वतःची इडली मात्र त्यांनी हात धुवायच्या बेसिनजवळ उभं राहून, भिंतीकडं तोंड करून, दोन घासांत संपवली. समोर कुणी जेवत असताना नाना कधीच बसून जेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. ते असं का करतात, ते मात्र ठाऊक नव्हतं.

नाना लष्कराच्या कोठारात कारकून होते. पण ती त्यांची नोकरी. त्यांचं खरं काम वाढप्याचं. आमच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू गावात लग्न असो, बारसं असो की दहावा, नाना भिंगारहून रजा काढून यायचे. येताना पिशवीत स्वतःचं वगराळं आणायचे. वगराळं म्हणजे आमटी वाढायचं लांब दांड्याचं भांडं. दुसऱ्याच्या वगराळ्यानं आमटीचा अंदाज चुकतो, असं त्यांचं म्हणणं. मंडपात शिरले की पाहुण्यांना रामराम करायच्या आधी ते पोरांना गोळा करायचे. "मीठ कुनाकडं? पानी कुनाकडं? भाताच्या मागं आमटी, आमटीच्या मागं पानी. मधी कुनी शिरायचं न्हाई. आन् बुंदीला मी." बुंदी त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. "बुंदी वाढाया काळीज लागतं. हात आखडला तर यजमानाची आब्रू जाती, सैल सोडला तर शेवटच्या पंगतीची बुंदी जाती."

नानांची पंगत उठेपर्यंत एकही पान कोरडं राहत नसे. आणि सगळ्या पंगती उठल्या, वाढप्यांचंही जेवण झालं, की नाना कुठंतरी गायब व्हायचे. आम्हाला वाटायचं, झोपले असतील.

माझ्यावरचे उपकारही अशाच एका लग्नातले. माझे आई-वडील दिवाळी सरली की ऊसतोडीला जायचे आणि त्यांच्यामागं आमची शाळा सुटायची. मी सहावीत होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कांबळी, शेळी असं सगळं चढलं होतं आणि सगळ्यांत वर मी. नाना शेजारच्या लग्नाला आलेले. हातात वगराळं, कमरेला पंचा. ते तसेच चालत ट्रॉलीपाशी आले आणि वडिलांना म्हणाले, "दाजी, ह्याला खाली उतरवा. ह्याचं पान माझ्याकडं मांडलंय."

एवढंच बोलले. त्या संध्याकाळी मी भिंगारला होतो. नानींनी गरम भाकरी वाढली आणि दुसऱ्या दिवशी नाना मला शाळेत घेऊन गेले. तिथून एम.ए.पर्यंत माझं पान त्यांच्याच घरी मांडलेलं राहिलं. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना नानी गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. मग घरात आम्ही दोघंच उरलो.

आणि त्याच सुमारास गावात बुफे आला.

पहिल्या बुफेला मी नानांबरोबर होतो. टेबलांवर पांढरी कापडं, त्यांवर स्टीलची झाकणं आणि मागं टोपीवाली पोरं. नाना पिशवीतून वगराळं काढून टेबलामागं जायला लागले. टोपीवाला म्हणाला, "काका, प्लीज लायनीत या." नाना लायनीत उभे राहिले. ताट हातात आलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि तसंच परत ठेवलं. येताना एसटीत मला म्हणाले, "लोकं ताट घिऊन हिंडाया लागली, दत्ता. ज्याचं त्यानं घ्यायचं. कुनी कुनाला आग्रेव करीना. मंग ह्याला जेवान म्हनायचं का चारा?"

त्यानंतर गावातून निमंत्रणं यायची, पण वाढायला या असं कुणी म्हणेना. वगराळं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकून राहिलं. नाना निवृत्त झालेले. संध्याकाळी ते मलाच तीन तीनदा भात वाढायचे. माझं वजन वाढलं, पण त्यांचं समाधान काही होईना. एका माणसाची पंगत होत नाही.

एम.ए.ला मी मानसशास्त्र घेतलं होतं. शेवटच्या वर्षी प्रकल्पाला आमच्या मार्गदर्शक मॅडमनी विषय दिला: ऑनलाइन सांघिक खेळ खेळणाऱ्यांमधलं नेतृत्व आणि सहकार्य. मला तो लगेच आवडला. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एकमेकांसाठी जीव कसा धोक्यात घालतात, खेळातला का होईना, याचं मला खरंच कुतूहल होतं. मी जिल्ह्यातून हौशी खेळाडू जमवले आणि अनोळखी चार-चार जणांचे गट केले. खेळ सगळ्यांच्या माहितीतला: विमानातून एका बेटावर उडी मारायची, घरोघर फिरून बंदुका, गोळ्या, औषधं गोळा करायची आणि शेवटपर्यंत टिकायचं. बेटावरची सुरक्षित जागा आकसत जाते, म्हणजे लपून बसायचीही सोय नाही. प्रत्येक गटानं सबंध सत्रभर रोज संध्याकाळी खेळायचं, मी त्यांचं बोलणं ऐकायचं आणि नोंदवायचं. मॅडमची एकच अट होती: जो गट मध्येच फुटेल तो अभ्यासातून बाद.

पहिल्याच आठवड्यात एका गटातला गडी कंटाळून निघून गेला. मी फोन घेऊन चिंतेत बसलेलो. नाना माझ्या खांद्यावरून डोकावले. पडद्यावर तीन माणसं उभी होती आणि चौथ्याची जागा रिकामी.

"तिघंच का?"

"एकजण गेला, नाना. आता हा गट बाद होणार."

"बाद कशापायी? पंगतीत एक पान मोकळं ठिवीत न्हाईत." त्यांनी पंच्याला हात पुसले. "मला बशिव."

मॅडमना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "बसवा. वयाची विविधता मिळेल."

नानांची टोळी अशी होती. तेजस्विनी श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची, फार्मसी शिकणारी. तिचा नेम पक्का आणि जीभ त्याहून पक्की. अक्षय खर्ड्याचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. आणि तिसरा एक मुलगा, ज्यानं खेळात 'वादळ' असं नाव घेतलं होतं आणि जो एक अक्षर बोलत नसे. त्याचा माइक कायम बंद. मी मुलाखतीसाठी फोन केला तर तो उचलायचा नाही, मेसेजवर 'हो', 'नाही' एवढंच लिहायचा. राहुरीकडं एका रोपवाटिकेत काम करतो, इतकंच मला दुसऱ्यांकडून कळलं होतं.

पहिल्या दिवशी नानांनी कॉटवर मांडी घातली, तांब्याला टेकवून फोन उभा केला, चष्मा चढवला आणि माइक सुरू करून म्हणाले, "रामराम मंडळी. जेवलात का?"

मग तेजस्विनी म्हणाली, "हे कोण?"

"मी सोपान. भिंगारचा. मला काय येत न्हाई, पन सांगाल त्ये करीन."

"काका, उडी मारा आधी! विमान चाललं पुढं!"

"सगळ्यांचं आटोपलं का? वाढपी एकट्यानं निघत न्हाईत. चला, संगट."

चौघांनी एकत्र उडी मारली आणि नाना थेट तळ्यात पडले.

पण त्यांना जे यायला पाहिजे ते दोन-तीन दिवसांत आलं. त्यांनी या खेळाची आपल्या परीनं फोड करून घेतली. गोळ्या म्हणजे भात. तो सगळ्यांना पोटभर पाहिजे. पट्ट्या म्हणजे आमटी. आणि जखमा एकदम भरून काढणारी औषधाची पेटी क्वचित सापडते, ती बुंदी. शत्रूला त्यांनी कधी शत्रू म्हटलं नाही. आपल्याला भेटायला कुणी येत असेल तर त्याला पाहुणाच म्हणतात.

"डाव्या अंगाला पाव्हनं आल्यात, चार. तेजस्विनीबाई, भात हाय का?"

"भात आहे काका, आमटी संपली!"

"आमटी घिऊन आलो. अक्षय, तू सरक जरा, मधून वाट दे."

"ओ नाना, वाट कसली मागू लागले, पाहुणे घरात घुसू लागलेत! पळा की!"

महिनाभरात ते तिघंही हीच भाषा बोलायला लागले. दुसऱ्या गटातले कुणी ऐकत असतील तर त्यांना वाटलं असेल, ही माणसं लढायला आली आहेत की जेवायला.

अडचणी काही कमी नव्हत्या. या खेळात मेलेल्या खेळाडूचं सामान पेटीत पडतं आणि चांगली बंदूक बहुतेक तिथंच मिळते. नाना पेटीला हात लावेनात.

"काका, घ्या ना! तुमच्याकडं नुसता तवा आहे!" तेजस्विनी ओरडली. खरंच, स्वयंपाकाचा तवा हे त्या खेळात एक हत्यार आहे आणि नानांना तेच ओळखीचं वाटलं होतं.

"उठलेल्या मानसाच्या पानातलं घेत्यात का कुठं? उष्टं हाय त्ये."

"गोळीला कसलं उष्टं?"

"तुमी घ्या. तुमी लेकरं हाय. मला न्हाई जमायचं."

शेवटपर्यंत त्यांनी घेतलं नाही. सगळ्या बेटावर तवा घेऊन फिरणारा, दुसऱ्यांच्या गोळ्यांची चौकशी करणारा हा एकच लढवय्या असावा.

एकदा तर नानांची टोळी जिंकायच्या अगदी बेतात आली. जागा आकसत आकसत एका टेकडीएवढी उरलेली, समोर एकच गट. तेजस्विनी झाडाआडून नेम धरून बसलेली. आणि नाना उघड्यावरून धावत तिच्याकडं निघाले.

"काका, तिथंच थांबा!"

"एक बुंदी राहिलीया, घे."

"माझी तब्येत फुल्ल आहे! पोट भरलंय काका!"

"घे गं, लाजू नको, घे!"

नानांनी बुंदी तिच्या पायाशी ठेवली. त्या हालचालीवरून समोरच्यांना झाड कळलं. पुढच्या दोन क्षणांत चौघंही आडवे. तेजस्विनी माइकवर जे बोलली ते मी नोंदवलं, पण प्रकल्पात लिहिलं नाही. मला वाटलं, संपलं, फुटला हा गट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी धास्तावून फोन उघडला, तर तेजस्विनी सगळ्यांच्या आधी हजर. म्हणाली, "काका, आज बुंदी मी मागेन तेव्हाच द्यायची. कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी मोडला.

माझ्या बाकीच्या गटांमध्ये एकाहून एक पट्टीचे खेळाडू होते. ते जिंकायचे आणि भांडायचे. बंदूक कुणी घेतली, मला मागं का टाकलं, हुकूम सोडणारा तू कोण. सत्र निम्म्यावर यायच्या आत त्यातले कितीतरी फुटले. नानांची टोळी हरत होती आणि टिकून होती. मॅडम माझ्या नोंदी वाचून चक्रावल्या. "दत्ता, हा गट इतका हरतो, मग तुटत का नाही? यांना बांधून काय ठेवतंय ते शोधा. तुमचा प्रकल्प तिथंच आहे."

म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: तुमच्या गटाचा नेता कोण?

तेजस्विनी म्हणाली, "मीच. पण काका नसतील त्या दिवशी मी खेळणार नाही."

अक्षय म्हणाला, "नानाच की. पण त्यांना सांगू नका बरं का, अजून बुंदी वाढू लागतील."

वादळनं मेसेजवर लिहिलं, 'नाना'. 'हो' आणि 'नाही' सोडून त्यानं लिहिलेला तो पहिला शब्द.

आणि नाना म्हणाले, "नेता? वाढप्यात कुठं नेता असतो व्हय? कुनाचं पान कोरडं हाय, यवढं दिसलं पायजे. ज्याला दिसलं त्यो गेला वाढाया."

मला निम्मं उत्तर मिळालं होतं. पण नोंदी पुन्हा ऐकताना मला एक विचित्र गोष्ट सापडली. या खेळात गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही; गुडघ्यांवर येतो, रांगू शकतो. सोबत्यानं जवळ येऊन थोडा वेळ हात दिला तर तो उठतो. पडलेले सगळे जण आपल्या सोबत्यांकडं रांगत जातात. नाना उलट्या दिशेला रांगायचे. सोबत्यांपासून लांब, एखाद्या भिंतीमागं, जिथं कुणाला सहज येता येणार नाही अशा जागी. आणि तिथून सांगायचे, "माझं ऱ्हाऊ द्या. तुमी व्हा म्होरं." ते इतक्या मनापासून म्हणायचे की पोरं पुढं जायची. नाना भिंतीमागं एकटेच संपायचे. मग मेल्यावरही खेळ न सोडता बाकीच्यांचा शेवट होईपर्यंत बघत बसायचे आणि म्हणायचे, "अक्षय, तुझ्याकडं भात कमी हाय."

मी त्यांना विचारलं, "नाना, तुम्ही लांब का जाता?"

"सवय," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

सत्राचा शेवट जवळ आला होता तेव्हाची संध्याकाळ. नाना कॉटवर, मी शेजारी खुर्चीवर, कानाला हेडफोन. टोळी एका वाडीत अडकली होती आणि तिन्ही बाजूंनी पाहुणे. नानांना गोळी लागली. ते नेहमीप्रमाणं गोठ्यामागं रांगत निघाले.

"माझं ऱ्हाऊ द्या. तुमी व्हा म्होरं."

तेजस्विनी आणि अक्षय गाडीकडं पळाले. वादळ पळाला नाही. तो वळला. समोरून गोळ्या येत असताना तो उघड्या अंगणातून सरळ गोठ्याकडं धावत गेला.

"अरं पोरा, कशाला! जा तू! जा!" नाना ओरडले आणि आणखी लांब रांगायला लागले. तो त्यांच्यामागं. ते पुढं, तो मागं. गोठ्याला अख्खा वळसा झाला. अक्षय हसू की रडू अशा आवाजात म्हणाला, "ओ नाना, थांबा की! कुत्रं मागं लागल्यावानी काय पळू लागले!"

नाना थांबले. वादळ त्यांच्याशेजारी बसला. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा माइक सुरू झाला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग अडखळत, एकेक अक्षर मोठ्या कष्टानं पुढं ढकलत तो म्हणाला, "ना... नाना. तु... तुमी ब... बसा. मी वा... वाढतो."

नाना उठले, म्हणजे पडद्यावरचे. कॉटवरचे नाना तसेच बसून होते. फोन तांब्याला टेकलेला आणि ते त्याच्याकडं न बघता खिळ्याला टांगलेल्या वगराळ्याकडं बघत होते.

ती लढाई टोळी हरली, हे सांगायला नको.

नंतर मी चहा केला. नानांनी कप हातात घेतला. मग आपणहून बोलले.

"गावात समद्या पंगती उठल्या ना, का तुझी नानी पाठीमागच्या चुलीपाशी माझं पान मांडायची. कुनाला दिसायचं न्हाई आसं. मला म्हनायची, आख्ख्या गावाला आग्रेव करता, तुमाला कोन करनार? मंग मीठ वाढायची आधी. मंग आमटी. मी नगं म्हनायचो, ती हात बाजूला सारायची. 'लाजू नका, घ्या' ह्ये माझं न्हाई रं. तिचं हाय. मी तिच्याकडनं उचललं."

मी खुर्ची कॉटजवळ ओढली.

"ती गेल्यावर मी कुठं बसनार? बसलं का पान कोरडंच दिसतं. उभ्यानं खाल्लं का कळत न्हाई." मग त्यांनी एका दमात चहा संपवला आणि म्हणाले, "त्या पोराला नीट बोलता येत न्हाई व्हय? म्हनून गप ऱ्हात हुतं. आन् मी लेकराला उगं लाजाळू समजत हुतो."

प्रकल्प पूर्ण झाला. मॅडमना आवडला. मी त्यात लिहिलं की जो सोबती दुसऱ्याची कमतरता त्यानं सांगायच्या आधी ओळखतो त्याच्याभोवती गट टिकतो, आणि अशा माणसाची कमतरता ओळखणारा कुणी गटात निघाला तर तो गट घट्ट होतो. शब्द बरेच जड वापरले, पण म्हणायचं एवढंच होतं. मला पदवी मिळाली, आमच्या घराण्यातली पहिली एम.ए.ची, आणि जामखेडला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायची नोकरी लागली. मी तिकडं राहायला गेलो.

अभ्यास संपला तशी टोळीही पांगली. भांडून नाही. तेजस्विनीची परीक्षा आली, अक्षयनं दुकान मोठ्या जागेत हलवलं, वादळला रोपांच्या हंगामात उसंत मिळेना. मी सवयीनं खेळ उघडायचो. मित्रांच्या यादीत कोण हजर आहे ते हिरव्या ठिपक्यानं कळतं. रोज संध्याकाळी त्या यादीत एकच ठिपका हिरवा असे. नाना. खेळत नसत. सुरुवातीच्या पडद्यावर, जिथं टोळी जमते तिथं, तवा पाठीला लावून नुसते उभे. शेजारी तीन जागा रिकाम्या.

मी फोन केला. "नाना, एकटेच काय करता?"

"काय न्हाई रं. चालू ठिवलाय. कुनी आलं तर पानं मांडल्याली असावीत."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. पोरगं एम.ए. झालं म्हणून त्यांना गावजेवण घालायचं होतं आणि नगरच्या एका केटररशी त्यांचं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, "दादा, केटररला नाही म्हणा." मग आणखी तीन फोन केले. बेलापूरला, खर्ड्याला आणि राहुरीकडं. तिसरा फोन या वेळी उचलला गेला.

नाना फोनवरचं निमंत्रण मानत नाहीत. निमंत्रण हातात यायला पाहिजे असा त्यांचा दंडक आहे. म्हणून मी त्यांना टपालानं पत्र पाठवलं. ते असं:

तीर्थरूप नानांस,
दत्ताचा साष्टांग नमस्कार.

येत्या रविवारी गावी जेवण ठेवलं आहे. बुफे नाही. मारुतीच्या देवळापुढं पंगती बसतील. लापशी, आमटी, भात आणि बुंदी. दादांनी केटररला नकार कळवला आहे आणि आईनं पत्रावळी सांगितल्या आहेत.

वाढायला माणसं मिळत नाहीत अशी दादांना काळजी होती. मी त्यांना सांगितलं, टोळी तयार आहे. तेजस्विनी शनिवारीच श्रीरामपूरहून एसटीनं येणार आहे. ती म्हणते, भात तिच्याकडं, आणि काकांनी मध्ये यायचं नाही. अक्षय खर्ड्याहून मोटारसायकलवर येतोय, आमटी त्याची. वादळचं खरं नाव कैलास आहे. तो पाणी वाढणार आहे. मी त्याला म्हटलं, पाण्याला बोलावं लागत नाही. तर तो म्हणाला, बोलेन. तिघांनीही कधी पंगतीत वाढलेलं नाही, तेव्हा कोण कुणामागं चालायचं ते तुम्हीच लावून द्यायचं. बुंदी अर्थात तुमची. वगराळं खिळ्यावरून काढून, घासून आणा.

आता एक अट आहे आणि ती मी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे तुम्हाला ऐन वेळी गोठ्यामागं जाता येणार नाही.

सगळ्या पंगती उठल्या की शेवटचं पान तुमचं आहे. चुलीमागं मांडणार नाही, देवळापुढं मधोमध मांडणार आहे. तुम्ही बसायचं, मांडी घालून. आम्ही चौघं वाढू. तुम्ही उठायला लागलात तर कैलास मागं धावेल. तो तुम्हाला सोडत नाही हे तुम्ही पाहिलंच आहे.

मीठ मी वाढणार आहे. आधी मीठ, मग आमटी. तुम्ही पानावर आडवा हात धराल, तो मी बाजूला करीन. नानींसारखं मला जमणार नाही. तरी लाजू नका, घ्या.

तुमचा,
दत्ता